आगोट आणि अंदाजपत्रक

घरखर्चाच्या अंदाजपत्रकाविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुतांशी पगारदार कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असते. महिन्याच्या आरंभी ठरावीक रक्कम हाती येते, तिचे भाडे, किराणा, शाळेची फी, हप्ते आणि शिल्लक असे वाटे पाडले जातात, आणि पुढचे चार आठवडे मनाला आवर घातला की हिशेब जुळतो, असे त्यात गृहीत असते. डहाणू तालुक्यातील कासा परिसरात आणि शेजारच्या तलासरीत हे गृहीतक अनेक घरांना लागू पडत नाही. बोईसर किंवा उंबरगावच्या कारखान्यांत जाणाऱ्यांना महिन्याचा पगार असतो. परंतु जी वारली, कातकरी कुटुंबे खरिपाचे भात काढून दिवाळीनंतर भिवंडी, वसई, कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात, त्यांच्या मिळकतीचे एकक महिना नसून हंगाम असते. निघण्यापूर्वी भट्टीमालकाकडून आगाऊ मिळणारी रक्कम म्हणजे बयाणा, कामाच्या दिवसांत आठवड्याला पोटापुरती मिळते ती खर्ची, आणि पावसाळ्यापूर्वी ही दोन्ही वजा होऊन जे उरेल तो अखेरचा हिशेब, अशी या मिळकतीची रचना आहे.

म्हणजे वर्षातून दोनदा हाती एकगठ्ठा पैसा येतो आणि एरवी पोटापुरत्या खर्चीपलीकडे जवळपास काहीच येत नाही. त्यातला दुसरा गठ्ठा नेमका अशा वेळी येतो, जेव्हा लग्नसराई चालू असते, चैत्र पौर्णिमेला सुरू होणारी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा नुकतीच भरलेली असते किंवा सरलेली असते, आणि हप्त्यावर मोबाइल देणारा दुकानदारही याच दिवसांची वाट पाहत असतो. अशा वेळी झालेल्या खरेदीला ‘उधळपट्टी’ म्हणणे सोपे आहे. पण हा शब्द या भागात फार काळ वापरला गेला आहे आणि त्याचा फायदा कोणी घेतला हे विसरता येत नाही. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेतलेला वारली पुढे पत्नीसह त्याच्याच शेतावर वेठीने राबत राही आणि ते कर्ज सहसा फिटत नसे. या वेठबिगारांना लग्नगडी म्हणत. लग्नातला खर्च हे या दास्याचे कारण म्हणून पुढे केले जाई, आणि कर्जाच्या अटी कोणी ठरवल्या हा प्रश्न मागे पडे. 1945 मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी या पद्धती नाकारल्या, तेव्हा त्यांनी काटकसर शिकून घेतलेली नव्हती, तर अटी मोडल्या होत्या.

तरीही आवेगाचा खर्च, म्हणजे गरज किंवा आधीची योजना नसताना केवळ त्या क्षणीच्या ओढीने होणारा खर्च, ही कल्पित गोष्ट नव्हे. मात्र तिचे मूळ स्वभावात शोधण्याऐवजी परिस्थितीत शोधले तर काही हाती लागते. तमिळनाडूतील 464 ऊस उत्पादकांची तपासणी ऊसतोडीपूर्वीच्या ओढगस्तीत आणि पैसे हाती आल्यानंतर अशी दोनदा झाली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीच माणसे टंचाईच्या काळात विचाराच्या चाचण्यांत कमी पडली. टंचाई निर्णयशक्तीच खाऊन टाकते, असे असेल तर भाद्रपदात रिकाम्या डब्यापुढे बसलेल्या माणसाला संयमाचे धडे देण्यात फारसा अर्थ उरत नाही. जे ठरवायचे ते वैशाखातच, पैसा आहे तेव्हा ठरले पाहिजे.

हे शहाणपण या भागाला नवे नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी तांदूळ, मीठ, मिरची, कांदे, सुकी मासळी, सरपण आणि छपराचे सामान आधीच भरून ठेवण्याची जी रीत आहे, तिला ठाणे-पालघरकडे आगोट म्हणतात. आगोटीकडे केवळ साठवण म्हणून पाहिले जाते. वास्तविक ती अंदाजपत्रकाची एक कठोर पद्धत आहे. रोकड कुठेही जाऊ शकते, पण सुक्या बोंबलांच्या माळेचा मोबाइल होत नाही. पैशाला धान्यरूप देताना कुटुंब स्वतःच्या पुढच्या मोहावर आधीच बंधन घालत असते. फिलिपाइन्समधील एका बँकेत ठरावीक तारखेपूर्वी किंवा ठरावीक रकमेपूर्वी पैसे काढता येणार नाहीत अशी बचत खाती देऊन पाहिली गेली, आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ज्यांना ती देऊ केली त्यांची बचत वर्षभरात इतरांच्या तुलनेत 81 टक्केबिंदूंनी अधिक वाढली. या बँकेने नव्याने जे केले, त्याचेच एक रूप आगोट होते.

ही रीत आता सैल होत चालली आहे आणि त्यामागची कारणे चांगली आहेत. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला 35 किलो आणि प्राधान्य कुटुंबातील माणशी 5 किलो धान्याचा हक्क दिला, 2023 पासून ते मोफत झाले. रस्ते सुधारले, किराणा बाराही महिने मिळू लागला. भुकेच्या दृष्टीने हा लाभ निर्विवाद आहे. परंतु जो पैसा पूर्वी ज्येष्ठाच्या आत तांदळात अडकत असे, तो आता पैसाच राहतो, आणि तो राखण्याची जबाबदारी रीतीवरून उतरून एकेकट्या माणसाच्या मनावर येते.

ही जागा बचत गट भरून काढतील अशी अपेक्षा असते. ती अंशतःच खरी ठरू शकते, कारण बचत गट बांधणाऱ्या राज्याच्या उमेद अभियानाच्या दशसूत्रीत, म्हणजे गटांसाठीच्या दहा नियमांत, नियमित बैठक आणि नियमित बचत यांवर भर आहे, आणि ज्या स्त्रिया दिवाळीपासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत भट्टीवर असतात त्यांना ही नियमितता पाळणे अवघड जाते. पगारदाराचा महिना जसा येथे बसत नाही, तशी गटाची ही नियमितताही बसत नाही. हिशेबाची रक्कम वैशाखात एकदम ठेवून घेणारा आणि आषाढापासून आश्विनापर्यंत दर पंधरवड्याला वाट्यावाट्याने परत देणारा गट या घरांना अधिक उपयोगी पडेल. त्यासाठी फार तर काही नियम बदलावे लागतील. त्याआधीचा प्रश्न मात्र गटाच्या वहीत सुटणारा नाही. भट्टीवर काम जोडीने, म्हणजे नवराबायकोने मिळून होते, विटांचा दर जोडीला धरला जातो, आणि बयाणा व हिशेब दोन्ही बहुधा पुरुषाच्या हाती मोजले जातात. आगोट भरायची ती मात्र स्त्रीने.