साधनाला चिकटलेला मळ

शुद्धीचा विचार करताना धर्मशास्त्राने मळलेल्या वस्तूकडे फार बारकाईने पाहिले आहे, परंतु ज्या साधनाने मळ काढायचा त्या साधनाचे पुढे काय होते, याकडे त्या मानाने थोडेच लक्ष दिले आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धी, म्हणजे विटाळलेल्या वा मळलेल्या वस्तू पुन्हा वापरण्याजोग्या करण्याचे नियम, स्वतंत्रपणे सांगितले आहेत. वस्त्रे पुष्कळ असतील तर प्रोक्षण, म्हणजे नुसते पाणी शिंपडणे, पुरते आणि थोडी असतील तर ती धुवावी लागतात, इतका तपशील मनू देतो. पाणी कोणते शुद्ध मानावे, याचे उत्तरही तो देतो: जमिनीवरचे, गाईची तहान भागेल एवढे आणि अमंगळ पदार्थ न मिसळलेले. मात्र धुऊन झाल्यावर त्या पाण्यात, धुण्याच्या दगडावर आणि धुणाऱ्या हातांत जे उरते त्याची व्यवस्था काय, हा प्रश्न तेथे जवळजवळ अस्पर्शित राहिला आहे.

आजच्या घरात हा प्रश्न अगदी मूर्त रूपात दिसतो तो समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनच्या दारात. अशा यंत्रात फिरणारा ड्रम एका स्थिर टाकीच्या आत असतो आणि त्या टाकीचे तोंड व यंत्राची पुढची भिंत यांच्यामध्ये घड्यांचे एक जाड रबरी कडे बसवलेले असते, ज्याला कारागीर गॅस्केट किंवा नुसते ‘दाराचे रबर’ म्हणतात. ड्रमची थरथर सोसायची आणि पाणी बाहेर येऊ द्यायचे नाही, ही त्याची दोन कामे. त्याच्या खालच्या घडीत सुती कपड्यांचे तंतू, केस, खिशात राहिलेली नाणी, न विरघळलेली पावडर आणि ओल साचते. शेतातून परतलेल्या कपड्यांतली खानदेशची काळी माती आणि बोअरच्या जड पाण्यातला क्षार त्यात भर घालतात. दार बंद राहिले की तेथे काळी बुरशी धरते, आणि घरातले सगळे कपडे ज्यातून स्वच्छ होऊन निघतात त्या यंत्राचा तोच भाग सर्वांत घाण होतो. पुढे त्याचा वास धुतलेल्या कपड्यांनाही येऊ लागतो.

तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत येथे अनवस्थेचा प्रसंग येतो. अनवस्था म्हणजे एका गोष्टीला आधार म्हणून दुसरी, दुसरीला तिसरी, अशी कोठेच न थांबणारी मालिका: साधन शुद्ध करायला दुसरे साधन लागत असेल, तर त्या दुसऱ्याचे काय? अद्वैत वेदान्ताने यावर निवळीच्या बीचा दृष्टान्त दिला, आणि शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘आत्मबोध’ या प्रकरणग्रंथात तो आला आहे. गढूळ पाण्यात निवळीची पूड घातली की गढूळपणा खाली बसतो आणि पूडही त्याच्याबरोबर बसते. तसे ज्ञान अज्ञानाला नाहीसे करते आणि स्वतःही उरत नाही, म्हणून ज्ञानाला निवृत्त करणारे आणखी ज्ञान शोधावे लागत नाही.

या प्रश्नाचा खानदेशाशी संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे प्रतापशेठ यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि तेथे वेदान्ताचे अध्ययन हेच मुख्य कार्य ठरले. तेथील वर्तुळातल्या जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचा ‘अज्ञान’ या नावाचा इंग्रजी ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. अज्ञान म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव की काहीतरी भावरूप, असा अज्ञानाविषयीच्या वादातला एक जुना मुद्दा आहे. भावरूप म्हणजे ज्याला दूर करावे लागते असे, केवळ ‘नसणे’ नव्हे असे. आणि मळाच्या बाबतीत तरी हे भावरूपत्व नाकारता येत नाही.

निवळीच्या दृष्टान्ताची मर्यादाही येथेच लक्षात येते. वरचे पाणी नितळ झाले, तरी मडक्याच्या तळाशी पूड आणि गाळ दोन्ही असतात. कोणीतरी पाणी वरच्यावर काढून घेते आणि कोणीतरी ते मडके घासते. परमार्थाच्या पातळीवर मडके, गाळ आणि घासणारा हे तिन्ही मिथ्या आहेत, हे अद्वैत्याचे उत्तर त्याच्या जागी सुसंगत आहे. पण शुद्धाशुद्धतेचे सगळे नियम व्यवहाराच्या पातळीवरचे आहेत आणि त्या पातळीवर गाळ नाहीसा होत नाही, तो फक्त एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो.

भारतीय समाजाने तो गाळ माणसाच्या अंगावर टाकला. अंत्यजांची जी सात नावे स्मृतिग्रंथांत येतात, त्यांत रजक, म्हणजे कपडे धुणारा, आहे. ज्याच्या हातून इतरांची वस्त्रे शुद्ध होत, त्यालाच अशुद्ध ठरवण्यात आले. ही केवळ निष्ठुरता नव्हती, तो तर्कदोषही होता: साधनाला चिकटणारा मळ धुण्यासारखा असतो हे मान्य करण्याऐवजी तो जन्माने चिकटलेला आहे असे मानले गेले. परीट समाजात जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गावात शिरताच हातात खराटा घेऊन आधी रस्ते झाडले आणि रात्री कीर्तन केले. या क्रमाला तत्त्वज्ञानाच्या इतिहासात जागा मिळायला हवी, कारण दिवसाचे झाडणे हे रात्रीच्या उपदेशाचे प्रमाण होते.

आता रबर बदलण्याचे काम पाहावे. वीज आणि नळ बंद करून पुढच्या ओठावरची तार तिच्या स्प्रिंगपाशी ताणून काढतात, रबर भिंतीवरून सोडवतात, मग बहुतेक यंत्रांत वरचे झाकण, आणि काहींत पुढचा पत्राही उतरवून आतला क्लँप सैल करतात. नवे रबर बसवताना त्याच्या माथ्यावरची खूण टाकीवरच्या खुणेशी जुळवावी लागते, कारण तळाशी असलेली बारीक छिद्रे नेमकी खाली आली नाहीत तर घडीत पाणी साचते. आतला ओठ टाकीच्या कडेवर सगळीकडे बसला की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. ते अंगठा कडेवरून फिरवून कळते. गरज पडल्यास साबणाचे पाणी लावतात, तेल लावत नाहीत, कारण तेलाने रबर खराब होते. शेवटी थोडे पाणी सोडून खाली गळते का ते पाहतात.

ती छिद्रे विचार करण्यासारखी आहेत. हे कडे घडवणाऱ्याने घडीत पाणी उतरणार हे आधीच गृहीत धरले आणि त्याला वाट ठेवली. शुद्धीच्या शास्त्रीय विचारात अशी वाट नव्हती, म्हणून माणूसच ती वाट बनला.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी जी लिहून घेतली, त्यांत विकर्म या संज्ञेचा नेहमीपेक्षा वेगळा अर्थ आहे: बाहेरच्या कर्माला मनाची जोड देणारे आतले कर्म ते विकर्म, आणि या जोडीमुळे कर्माचे ओझे उरत नाही. कडेवरून फिरणाऱ्या अंगठ्यात ही जोड असू शकते, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ती कारागिराच्या मनापुरती ठेवून भागणार नाही. जळगाव-धुळ्याच्या ज्या घरांत यंत्र दुरुस्त करणाऱ्याला किंवा गटार उपसणाऱ्याला आजही वेगळ्या कपात चहा मिळत असेल, तेथे ती स्मृतीतली यादी अजून चालू आहे, आणि ती रद्द करण्याची जबाबदारी त्या घराची आहे, काम करणाऱ्याची नाही.