व्यायामशाळेतील खाटा

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1941 साली चिनो येथे पुरुषांसाठी उंच तट नसलेली बंदिशाळा उघडली. बंदिवानही माणसेच, अशी पहिले अधीक्षक केनियन स्कडर यांची धारणा होती. पुढे शिक्षांची मुदत वाढत गेली. 2006 साली तेथील व्यायामशाळेत खाटांच्या दाट रांगा होत्या. ते छायाचित्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालपत्राला जोडले आहे. राज्यातील सुमारे 80,000 बंदिवानांच्या जागेत जवळजवळ दुप्पट माणसे कोंबली होती, काही उपचाराविना मरत होती. गर्दी कमी करण्याचा आदेश न्यायालयाने कायम केला.

चोराला कसले आले सुख, असे आपण सहज म्हणतो. मत्तयाच्या 25 व्या अध्यायात मात्र प्रभू स्वतःला बंदिवानांत गणतो, आणि गुन्हा सांगत नाही. त्या रांगांत त्याची खाट कोणती होती?