झोळी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मी कीर्तनकार नाही. छत्तीस वर्षं बँकेत नोटा मोजल्या, आता गुरुवारी मंदिरात देणगीच्या पावत्या फाडतो. गेल्या वर्षी महाराजांनी मला झोळीचा अर्थ शिकवला, तेवढाच आपल्यापुढे ठेवतो.

देवळाबाहेर हार विकणाऱ्या मावशींच्या एकोणीस वर्षांच्या मुलाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आई मूत्रपिंड द्यायला तयार, तपासण्याही जुळल्या. रुग्णालयाने खर्चाचा अंदाज दिला ७ लाख. विश्वस्त मला म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले, तुम्हीच बघा."

मी पाच हजार दिले आणि गप्प बसलो. खरं सांगतो, मागायची लाज वाटली.

त्या सप्ताहात गुरुचरित्राचा अडतिसावा अध्याय वाचताना थांबलो. भास्कर ब्राह्मणाचा शिधा तीन माणसांपुरता, आणि गाणगापुरात जेवले चार हजार. इतकी वर्षं मी त्यात चमत्कारच पाहिला. पण आधी त्याला गावभर आमंत्रण करत फिरावं लागलं, लोक हसले तेही सोसावं लागलं. आणि ज्यांच्यापुढे आपण हात जोडतो ते दत्तप्रभू तर रोज कोल्हापुरी भिक्षेला जातात अशी आपली श्रद्धा. देवाला झोळीची लाज नाही, मग मला कसली?

दुसऱ्या दिवशी रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटलो. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड घेऊन अर्ज केला. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही कागद धाडले. सवलत आणि मदत मिळून २ लाख ६० हजारांची सोय झाली. उरले ४ लाख ४० हजार.

काहींनी विचारलं, "हा किडनीचा व्यवहार तर नाही ना?" विचारलं ते बरंच केलं. १९९४च्या कायद्याने अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा आहे. इथे अवयव आईने दिला, ते दान. आपला पैसा शस्त्रक्रियेला आणि औषधांना. धनादेश थेट रुग्णालयाच्या नावे घेतले, रोख रकमेची पावती दिली आणि दर गुरुवारी जमाखर्च फलकावर लावला. झोळी फाटकी असली तर चालेल, पण हिशेब फाटका चालत नाही.

माझे एक जुने साहेब बंगल्याच्या दारातूनच म्हणाले, "असल्या भानगडीत मी पडत नाही." जिना उतरताना कान तापले होते. मग वाटलं, माधुकरी मागणारा एका दारी 'नाही' ऐकून भांडत बसत नाही, पुढचं घर गाठतो. पुढच्या घरी एका आजींनी पेन्शनमधले ५१ रुपये दिले आणि म्हणाल्या, "पावती दे हो, देवापुढे ठेवते." त्या पावतीवर सही करताना माझा हात थरथरला.

चार महिन्यांत ४ लाख ७२ हजार ३५० रुपये जमले. वैशाखात शस्त्रक्रिया झाली. मायलेक दोघंही घरी आले. मुलगा आता तोंडाला मास्क लावून, गर्दी टाळून, लांबूनच दर्शन घेतो.

पण भक्तहो, इथे आपण चुकतो. शस्त्रक्रिया झाली की आपण पेढे वाटतो आणि विसरतो. शरीराने परकं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून औषधं रोज घ्यावी लागतात. ती बंद केली तर आईचं दान वाया जाईल. उरलेले ३२ हजार ३५० त्यासाठीच ठेवले, पण ते किती दिवस पुरणार? म्हणून दर गुरुवारी पादुकांपाशी एक वेगळी पेटी ठेवली आहे.

भिक्षा एका दिवसाची नसते. महाराजही रोज निघतात. आपल्या आळीत असा कोणी रुग्ण असेल, तर ज्याला हिशेब जमतो त्याने वही घ्यावी, ज्याला बोलता येतं त्याने दार वाजवावं. आपला शिधा तीन माणसांपुरताच असेल, पण तो उघडायचं काम आपलं. पुरवणारा तो आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!