माझ्यासाठी सगळी सारखीच

मराठीत त्या कागदाला दोन नावं आहेत, मृत्युपत्र आणि इच्छापत्र. वकील दोन्ही वापरतात, अर्थ एकच. पण गल्ल्यावर बसलेल्या माणसापुढे पहिला शब्द काढून बघा. ‘शुभ बोल नाऱ्या’ असा चेहरा होतो आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘आमचं काय एवढं आहे लिहून ठेवायला? ते टाटा-बिर्लांचं काम.’

मला हे नेमकं उलटं वाटतं. कंपनी ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती असते. मालक गेला तरी कंपनी उरते, संचालक उरतात, चेकवर सही करायला कुणीतरी असतं. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत नळाच्या तोट्या आणि बिजागऱ्या विकणारा माणूस मात्र प्रोप्रायटर असतो, म्हणजे तो आणि दुकान कायद्याला एकच दिसतात. करंट अकाउंट त्याचं, जीएसटी नंबर त्याच्या पॅनवर, शॉप अॅक्टची नोंद त्याच्या नावानं, काउंटरवरचा क्यूआर कोडही त्याचाच. तो गेला की दुकान जसंच्या तसं पुढे सरकत नाही. वारसाला जीएसटीची नवी नोंदणी घ्यावी लागते, जुन्या नंबरावर पडून असलेलं इनपुट क्रेडिट वेगळा फॉर्म भरून आणावं लागतं, आणि बँकेला कळवलं की खात्यातले व्यवहार थांबतात.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘बस फॅक्टर’ नावाचा एक क्रूर शब्द आहे. किती माणसं बसखाली आली तर प्रोजेक्ट बंद पडेल, तो आकडा. तो एक निघाला की मॅनेजरची झोप उडते. प्रोप्रायटरी दुकानाचा बस फॅक्टर कागदावर कायमच एक असतो, आणि झोप कुणाचीच उडत नाही.

मग लोक काय करतात, तर बँकेला कळवतच नाहीत. माणूस जातो, त्याचं सिम कार्ड मात्र रिचार्ज होत राहतं, कारण ओटीपी त्याच्यावर येतो. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं, स्क्रीनवर गेलेल्या माणसाचं नाव येतं, पैसे जमा होतात. हे नियमात बसत नाही. पण तेराव्याच्या आत पुरवठादाराचं बिल भागवायचं असेल तर त्या मुलानं काय करावं, याचं उत्तर मला देता येत नाही.

‘नॉमिनी लावलाय की,’ हे दुसरं ठरलेलं वाक्य. ज्यांना त्यावर भरवसा आहे त्यांनी आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयकडे जरा पाहावं. १९७३ साली ते सुरू करणारे जयंत साळगावकर २०१३ मध्ये गेले. २०११ साली केलेलं मृत्युपत्र त्यांनी मागे ठेवलेलं होतं. पण म्युच्युअल फंडासारख्या काही गुंतवणुकींना नॉमिनी लावलेले होते, आणि त्या रकमा नॉमिनींच्या मालकीच्या की सगळ्या वारसांच्या, यावरून प्रकरण कोर्टात गेलं. मुंबई उच्च न्यायालयात आधी एकल पीठ, मग खंडपीठ, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालय. निकाल लागला १४ डिसेंबर २०२३ ला, माणूस जाऊन दहा वर्षं उलटल्यावर : नॉमिनी हा मालक नाही. त्याच्या हाती पैसे द्यायचे ते सांभाळायला, पुढे वाटणी वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानं होणार. (याच मुंबई उच्च न्यायालयाच्या एका पीठानं २०१० साली शेअर्सबाबत उलट सांगितलं होतं, तेव्हा लोकांचा गोंधळ उडाला तर त्यांना हसू नये.) मृत्युपत्र, वकील, नाव, सगळं असलेल्या घरात हे झालं.

पण नॉमिनी हा तांत्रिक प्रश्न झाला. मला जो प्रश्न सोडत नाही तो तिसऱ्या वाक्यात आहे, आणि ते वाक्य आमच्या घरचं आहे : ‘माझ्यासाठी सगळी सारखीच.’

आमचं दुकान हार्डवेअरचं. जागा भाड्याची, पागडीची, आजोबांच्या वेळेपासूनची. धंदा बाबांनी वाढवलेला. दादा बारावीनंतर दुकानात बसायला लागला, त्याला आता सोळा वर्षं झाली. पगार नाही, कारण घरच्या माणसाला पगार कसला. लागतील तसे गल्ल्यातून घ्यायचे. ताई लग्न होऊन सांगलीला. मी इंजिनिअर झालो, हिंजवडीला जातो. माझी चार वर्षांची फी त्याच गल्ल्यातून गेली, ज्यातून दादा पगार घेत नव्हता.

बाबा काही न लिहिता गेले तर काय होईल? १९५६ चा हिंदू वारसा कायदा याबाबत अगदी सरळ आहे. पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना प्रत्येकी एकेक हिस्सा. मुलींना हक्क २००५ मध्ये मिळाला असं अनेकांना वाटतं. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेबद्दल होती. बापाच्या स्वतःच्या कमाईत मुलगी १९५६ पासूनच बरोबरीची वाटेकरी आहे. आईचा हिस्सा तर हटकून विसरला जातो. आमच्याकडे आजी आहे. म्हणजे माल, उधारी, बँकेतली शिल्लक यांचे पाच भाग : आई, आजी, दादा, ताई, मी. दादाला वीस टक्के. मलाही वीस टक्के.

जागेचं मात्र वेगळंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो की धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. तसं कुणी नसेल तरच इतर वारसांचा विचार, आणि त्यांचं आपसांत जमलं नाही तर कोर्ट ठरवणार. म्हणजे चार भिंती दादाच्या आणि त्या भिंतींमधल्या मालाचे पाच वाटे.

यात मला कायद्याची गंमत वाटत नाही, उलट प्रामाणिकपणा वाटतो. एकाच दुकानात न्यायाच्या दोन कल्पना शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक विचारते, तू कुणाच्या पोटी जन्मलास? दुसरी विचारते, तू इथे बसत होतास का? दोन्ही प्रश्न खरे आहेत. पहिला नसता तर ताईला काहीच मिळालं नसतं, कारण तिला दुकानात बसू कुणी दिलं होतं? दुसरा नसता तर दादाच्या सोळा वर्षांची कुठेच नोंद राहिली नसती. ‘सगळी सारखीच’ म्हणणारा बाप यातला पहिला प्रश्न निवडतो आणि आपण काहीच निवडलं नाही अशा समाधानात राहतो. प्रेम सारखं असेल हो. देणं सारखं नाही. दादाचं दुकानाकडे येणं आहे, माझ्याकडून दुकानाला जाणं आहे, आणि हे बाबांइतकं पक्कं कुणालाच माहीत नाही. ज्याला हिशेब माहीत आहे त्यानं बोलायचं नाही आणि तो गेल्यावर ज्यांना अर्धाच माहीत आहे त्यांनी भांडायचं, ही निःपक्षपाती व्यवस्था मला मान्य नाही.

यावर आपल्याकडे एक हुकमी उपाय आहे, हक्कसोडपत्र. बहिणीनं सही करायची, भावानं साडीचोळी करायची. माहेर तुटू नये म्हणून ती करतेही, आणि तिच्या मोठ्या मनाचं कौतुक होतं. मला इथे देहूचे तुकोबा आठवतात, कारण ते काही दुकान नसलेले साधू नव्हते. घरची महाजनकी होती, वाण्याचं दुकान होतं, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात सगळं मोडलं. पुढे त्यांनी कर्जदारांची खतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. परंपरा सांगते त्यातला एक तपशील मात्र घाईत निसटतो. बुडवण्याआधी त्यांनी खतांची वाटणी केली. धाकट्या भावाचे, कान्होबाचे, निम्मे कागद त्याच्या हातात ठेवले आणि नदीत सोडले ते फक्त स्वतःच्या वाट्याचे. त्याग करायचा तर आपल्या हिश्शाचा. दुसऱ्याच्या वतीनं विरक्त होता येत नाही. हक्कसोडीत आपण नेमकं हेच करतो. त्याग बहिणीचा, ठरवणारे आपण. मी माझा वीस टक्के सोडू शकतो, त्याला कुणाची हरकत नाही. ताईनं सोडावा की नाही हे मी बोलायचंच नाही. दादाच्या मेहनतीचा मोबदला ताईच्या हिश्शातून का जावा?

आणखी एक माणूस आहे, त्याच्याबद्दल दोन्ही कायदे गप्प आहेत. दुकानात एक मामा आहेत. नात्यानं कुणीच नाहीत, आम्ही मामा म्हणतो इतकंच. अठ्ठावीस वर्षं झाली, म्हणजे माझ्या वयाएवढी. पाऊण इंची एल्बो कुठल्या खोक्यात आहे ते त्यांना दिवे गेलेले असतानाही सापडतं. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानाला लागतो, आमच्याकडे दोन. ते वारस नाहीत, कुटुंबीय नाहीत. बाबांनी उद्या ठरवलं की जागा मामांच्या नावानं लिहून द्यावी, तर तेही चालणार नाही. धंद्याच्या जागेचा भाडेहक्क मृत्युपत्रानं कुटुंबाबाहेरच्या माणसाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८६ साली जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली सांगितलं आहे. पण मालातला वाटा किंवा ठरावीक रक्कम देता येते. अट एकच, लिहावं लागतं. न लिहिता गेलात तर दोन्ही प्रश्नांत मामा नापास.

लिहायला लागतं फार थोडं. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (केलेली बरी). साधा कागद, लिहिणाऱ्याची सही, आणि ती सही पाहिलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या. कितीही वेळा बदलता येतं, शेवटचं खरं. कुणाला किती, एवढंच लिहायचं असतं असं लोक समजतात. का, हेही लिहिता येतं. माझ्या मते तोच भाग महत्त्वाचा. ‘थोरल्याला जास्त’ हे वाक्य वीस वर्षांनीही सलत राहील. ‘थोरल्यानं सोळा वर्षं पगार घेतला नाही, ते देणं फेडतो आहे’ हे वाचून निदान भांडण कशाबद्दल आहे ते तरी कळेल.

गेल्या दिवाळीनंतर, लक्ष्मीपूजनाच्या नव्या वह्या उघडल्या होत्या तेव्हा, बाबा पहिल्यांदा ‘बरं, सांग, कसं करायचं’ म्हणाले. मी उत्साहानं लॅपटॉप उघडला. दादाचे महिन्याचे किती धरायचे? सुरुवातीला आठ हजार, मग दर वर्षी थोडी वाढ, घरखर्चाला घेतलेले वजा. एक्सेलला हे फार सोपं आहे. आकडा येत होता आणि दादाचा चेहरा उतरत होता.

‘मी काय नोकर होतो का इथे?’ तो म्हणाला.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. मोजलं नाही तर त्याची सोळा वर्षं फुकट जातात. मोजलं तर ती पगारी होतात, आणि ती पगारासाठी नव्हती. मामा शटरजवळ खोकी लावत होते. ‘नोकर’ हा शब्द त्यांनीही ऐकला असणार. त्यांनी वर पाहिलं नाही. आई म्हणाली, ‘आकडा राहू दे. काय केलं त्यानं ते लिहा ना.’ बाबांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला, जुन्या वहीतला एक कोरा कागद फाडला आणि दादा दुकानात आला त्या वर्षापासून लिहायला सुरुवात केली. त्या वर्षी नोटांचं बंडल पोत्यात विसरून राहिलं होतं आणि दादानं ते गोदामातून शोधून आणलं होतं, ते आधी. बरोबर कोण होतं, असं आईनं विचारलं. बाबा थोडा वेळ थांबले आणि त्याच ओळीत त्यांनी मामांचं नाव घातलं.

अजून दीड पान झालंय. साक्षीदार ठरायचे आहेत.