देवकीची मांडी



श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, ८५ व्या अध्यायात, एक कथा आहे. कंसाने मारलेली आपली सहा बाळे एकवार दृष्टीस पडावीत, अशी इच्छा देवकीने व्यक्त केली. श्रीकृष्ण-बलरामांनी सुतलात जाऊन ती आणिली. देवकीने त्यांना मांडीवर घेतले, त्यांची मस्तके हुंगली, स्तनपान दिले. आणि मग सर्वांदेखत ती देवलोकी गेली. बाळे राहावयाची नव्हती, हे जाणूनही भगवंतांनी "झाले ते विसर" असे मातेस सांगितले नाही.

आज कित्येक मातांस सोनोग्राफीतच कळते की, बाळाची कवटी व मेंदू पुरता घडला नाही. जन्मले तरी ते काही तास वा दिवसच जगेल. २००८ साली मुंबईतील एक दांपत्य गर्भाच्या हृदयदोषामुळे उच्च न्यायालयात गेले. परंतु २० आठवड्यांची मर्यादा उलटल्याने गर्भपाताची अनुमती मिळाली नाही. २०२१ च्या दुरुस्तीनुसार, वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केल्यास २४ आठवड्यांनंतरही ती मिळू शकते. कोणता मार्ग घ्यावा, हे माता-पित्यांनी वैद्यांच्या सल्ल्याने ठरवावे. परंतु जिला बाळ पूर्ण दिवस वाहावयाचे आहे, तिला एकटी टाकणे हा धर्म नव्हे.

असाध्य कर्करोग्यांच्या शुश्रूषेसाठी मुंबईत १९८६ साली शांती आवेदना सदन निघाले. व्याधी बरी होत नाही म्हणून सेवा संपत नाही, हेच तत्त्व नवजातासही लागू आहे. बाळास ऊब द्यावी, वेदना असल्यास वैद्यांनी औषध द्यावे, त्याला आईच्या उराशी ठेवावे, तिची इच्छा असल्यास नावही ठेवू द्यावे. आदिलाबादेस वा अन्यत्र, जेथे प्रसूती व्हावयाची, तेथील डॉक्टरांशी हे आधीच बोलून ठेवावे.

माझे वडील पौरोहित्य करितात. अशा घरची मंडळी त्यांना आशौच किती दिवसांचे, एवढेच विचारतात. आईस बाळ पाहू द्यावे काय, हे कोणी विचारीत नाही. उलट तिच्या पूर्वजन्मीच्या पापाची कुजबूज चालते. देवकीस कोणी पापिणी म्हटले आहे काय?

म्हणून पैनगंगेकाठच्या आपल्या गावांत अशी माता आढळल्यास तिला दोष देऊ नका. तिच्या शेजारी बसा, आणि बाळ घटकाभराचे असले तरी ते तिच्या मांडीवर द्या.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥