मळ आणि झीज

सज्जनहो, जुनी वस्तू दुरुस्त करायची म्हणजे ती नवी करायची काय? प्रश्न लहान दिसतो, पण घरोघरी उभा राहतो. शिंपीकाम आपल्याला परके नाही. नामदेवरायांच्या कुळाचाच तो धंदा. तेव्हा हाताने फिरवायच्या शिवणयंत्राचाच दृष्टांत घेऊ.

स्कॉटलंडात क्लाइडबँक गावी सिंगर कंपनीचा मोठा कारखाना १८८५ साली सुरू झाला, तो १९८० साली बंद पडला. सिंगरची यंत्रे आपल्या देशातही पुष्कळ आली. यंत्रांविषयी कठोर बोलणाऱ्या महात्माजींनीही १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद केले. ते माणसाचा हात रिकामा करीत नाही, हाताचे श्रम हलके करते. मूठ एकदा फिरवली की साधारण तीन टाके पडतात.

आता समजा, एका माउलीने या यंत्रावर लोकांची शिलाई करून दोन मुलगे वाढवले. माउली गेली. यंत्र माळ्यावर पडले, मूठ फिरेना. थोरला म्हणतो, "घासून काढू, काळाभोर रंग देऊ, दिवाणखान्यात मांडू." धाकटा म्हणतो, "हात लावू नका, आईची आठवण आहे तशी राहू द्या." हे झाले दोन पूर्वपक्ष. प्रेम दोघांचेही खरे. पण दोघांच्याही हाती यंत्र मुकेच राहते!

'जीर्णोद्धार' हा शब्दच पाहा ना. उद् हा उपसर्ग, हृ हा धातू. उद्धार म्हणजे वर काढणे. बुडणाऱ्याला वर काढतात, तेव्हा काही नवा माणूस घडवीत नाहीत. मग कशातून वर काढायचे?

यंत्र अडते ते बहुधा झिजल्यामुळे नव्हे. जुने तेल वाळून पिवळे, चिकट होते, आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली धाग्यांचा भुगा दडपून बसतो. हा आगंतुक मळ. सांध्यांत रॉकेलाचे दोन-दोन थेंब सोडावेत, जवळ दिवा-विस्तव नसावा, रात्रभर मुरू द्यावे. मग मूठ हलकेच मागेपुढे करावी. इथे जोर नको, धीर हवा. सुटले की पुसून मशीनचे पातळ तेल द्यावे. खोबरेल मात्र घालू नये, ते पुन्हा थिजते.

पण अंगावरची सोनेरी वेलबुट्टी? तिच्यावर लाखेचा पातळ लेप असतो. स्पिरिटने पुसाल तर लेपाबरोबर सोनेही जाईल. आणि पुढच्या कडेला, जिथे वर्षानुवर्षे कापड नि मनगट घासले, तिथली बुट्टी आधीच उडालेली असते. तो मळ नव्हे, ती झीज. माउलीच्या कष्टांचा तो हिशेब आहे. थोरल्याने रंग दिला की हिशेब पुसला. आणि धाकट्याने मळ जपला, तर आईचे काय जपले? तेल वाळले ते आई गेल्यानंतर!

कोणी म्हणेल, "महाराज, रिळ भरायच्या चाकाची रबरी कडी नवी, सुई नवी, मग यंत्र तेच कसे?" अहो, सुई तर माउलीही बदलीतच होती! वापरात जे संपायचेच, ते बदलणे हा वापराचाच भाग. ती जुनी कडी वाळून तडकली असेल तर खुशाल नवी घाला.

तात्पर्य, मळ काढावा, झीज राखावी आणि वस्तू कामाला लावावी. घरातल्या वृद्धांनाही हाच न्याय. त्यांच्या सुरकुत्या झाकण्याचे कारण नाही, आणि त्यांना कोपऱ्यात बसवून नुसता मान देणे हाही आदर नव्हे. एकटेपणाचा मळ तेवढा काढावा, त्यांना विचारावे, त्यांच्या हाताला झेपेल ते काम द्यावे. यंत्राचेही तसेच. दोघा भावांनी नातीला मूठ धरायला शिकवावे. पहिली शिवण वाकडी येईल, येऊ द्या.