दुआ आणि 'ऐकणे'

मराठीत 'ऐकणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कानांवर पडणे हा एक. 'मुलगा माझे ऐकत नाही' असे आई म्हणते तो दुसरा. दुआ मागताना आपण नकळत दुसऱ्याच अर्थाची अपेक्षा धरतो, आणि मागितलेले मिळाले नाही की 'त्याने ऐकलेच नाही' असे म्हणून बसतो. अरबीत मात्र 'समीअ' (ऐकणारा) आणि 'मुजीब' (प्रतिसाद देणारा) ही अल्लाहची दोन वेगळी नावे आहेत.

2021 चा रमजान एप्रिलच्या मध्यावर सुरू झाला, तेव्हा नागपूरच्या घराघरांत एकच दुआ होती: श्वासाची. त्याच दिवसांत आपल्या शहरातील वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी स्वखर्चाने प्राणवायूचे टँकर आणवले आणि त्या खर्चाला जकात मानले. कित्येकांची दुआ अशी रस्त्याने चालत आली. पण ज्यांच्या घरून त्याआधीच जनाजा उठला, त्यांचे काय? त्यांची कळकळ कमी पडली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. वाचकहो, आपणही करू नका. सांत्वनाला जाऊन असे बोलणारे जखमेवर मीठच चोळतात.

हजरत नूह (अ.) यांनी बुडालेल्या मुलासाठी आपल्या पालनकर्त्याला पुकारले. सूरह हूदमध्ये त्याचे उत्तर आहे; ते नकाराचे, परंतु उत्तर आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा तान्हा पुत्र इब्राहीम त्यांच्या डोळ्यांदेखत गेला आणि त्यांचे डोळे वाहिले. मागणे पुरे होणे हीच अल्लाहच्या जवळिकीची खूण असती, तर ते लेकरू जगले असते.

हदीसनुसार दुआचे फळ तीन प्रकारे मिळते: मागितलेले लाभते, तेवढेच एखादे संकट टळते, किंवा ती परलोकासाठी राखून ठेवली जाते. यातील तिसरी गोष्ट शोकग्रस्ताला पोकळ वाटू शकते. न दिसणाऱ्या ठेवीवर भरवसा ठेवणे सोपे नाही. म्हणून मला हजरत याकूब (अ.) अधिक जवळचे वाटतात. यूसुफ (अ.) यांच्या विरहात त्यांची दृष्टी गेली. आपले दुःख आपण केवळ अल्लाहपाशी मांडतो, असे त्यांनी मुलांना बजावले. कुरआनने त्या रडण्याला ईमानची उणीव म्हटलेले नाही. आणि ऐकणारा आहे ही खात्री नसती, तर इतकी वर्षे त्यांनी पुकारले तरी कोणाला असते?

त्या एप्रिलनंतर ज्या मातांचे हात दुआसाठी उचलले जात नाहीत, त्यांनी शब्दांची जुळवाजुळव करू नये. नमाजनंतर मराठीत बोलावे, वऱ्हाडीत बोलावे. नुसते रडले तरी चालेल.